मिस्टर मफिनची खोर फक्कान ट्रिप

आमच्या घरात किस्से जमवावे लागत नाहीत. आई पुण्याहून व्हिजिट व्हिसावर दोन महिने इथे शारजाला येते आणि वर्षभराचा स्टॉक करून जाते! त्यात या वेळी आमच्याकडे आणखी एक पाहुणा होता.

पाहुणा म्हणजे मिस्टर मफिन, आमच्या ईराच्या केजीच्या वर्गाचा पांढराशुभ्र टेडी. दर वीकेंडला तो एकेका मुलाच्या घरी मुक्कामाला जातो, सोबत एक डायरी. त्याला फिरवायचं, फोटो चिकटवायचे, गंमत लिहायची आणि सोमवारी जसाच्या तसा परत करायचा. ईराचा नंबर यायला अख्खं वर्ष गेलं होतं.

मृण्मयीने, म्हणजे माझ्या बायकोने, डायरी उघडली आणि तिचा चेहराच पडला. मफिन बर्फात खेळून आला होता, यॉटवर बसून आला होता, एकाने तर त्याला बलूनमधून वाळवंट दाखवलं होतं!

"आणि आपण काय दाखवणार? हायपरमार्केट?"

म्हणून शनिवारी सकाळी यल्ला, चला खोर फक्कानच्या बीचवर! निघताना ईराने मला दम दिला, "बाबा, नो डर्टी. मिस केट विल चेक."

*

गाडीत मागे एका खिडकीशी ईरा, मधे बेल्ट लावलेला मफिन आणि दुसऱ्या खिडकीशी आई, मांडीवर पुरी-भाजीचे डबे घेऊन.

"आई, डबे मधे ठेव ना."

"तिथे ते बसलेत," आई म्हणाली.

शारजा सोडेपर्यंत टेडीला अहो-जाहो सुरू झालं होतं!

*

बीचवर मृण्मयीचा हुकूम सुटला, "डायरीसाठी फोटो हवेत, चांगले!" मी वाळूत आडवा झालो. मफिन समुद्राकडे बघताना, मफिन शिंपल्यांसोबत, मफिन साइड प्रोफाइल. भलताच तल्लीन झालो होतो.

शेजारच्या चटईवरचे एक इमिराती आजोबा बराच वेळ हे पाहत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"हबीबी, इसका फोटो बाद में. तुम्हारा बच्चा उधर पानी में!"

बघतो तर ईरा गुडघाभर पाण्यात! धावत जाऊन आणली. मृण्मयीने माझ्या हातातून फोनच काढून घेतला.

*

जेवायला बसलो. आईने पाहुण्याचंही पान वाढलं. "उपाशी बसवायचं का त्यांना?" तेवढ्यात वारा आला आणि मफिन तोंडावर पडला, थेट बटाट्याच्या भाजीत.

उचलला तर एक गाल पिवळाधमक!

मी हमरियाला एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. सवयीने तोंडातून गेलं, "रिजेक्ट." ईराने भोकाड पसरलं. "मिस केट विल नेव्हर गिव्ह मी एनीथिंग अगेन!"

मृण्मयीने गालाला साबण लावला. हळदीला साबण लागला आणि पिवळा गाल लालभडक झाला! आता मफिनला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं दिसायला लागलं. मी घाईघाईने वर लिंबू पिळलं. पुन्हा पिवळा, आणि डाग दुप्पट!

"खलास," मी म्हणालो.

आई शांतपणे हात पुसत होती. "रडू नकोस गं. एका गालाला लागली तर डाग दिसतो. दोन्ही गालांना लागली, की हळद!"

तिने पर्समधून हळदीकुंकवाची डबी काढली. मफिनचे गाल, हात, पाय, सगळं साग्रसंगीत पिवळं केलं. मिठाईच्या खोक्याच्या सोनेरी फितीच्या मुंडावळ्या बांधल्या. ईरा रडायची थांबली आणि स्वतःचे गाल पुढे करून बसली. इमिराती आजोबांसोबत आलेल्या बायकांना काय चाललंय ते बरोबर कळलं. त्यांनी अरबी लग्नात करतात तसं जिभेने असं काही लुलुलुलु केलं, की अर्धा बीच वळून बघायला लागला.

*

रविवारी ईराने डायरी सांगितली, मृण्मयीने लिहून घेतली. "वी वेंट टु द बीच. नाऊ मिस्टर मफिन इज गेटिंग मॅरिड."

सोमवारी ऑफिसात माझं लक्ष वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. एकही मेसेज नाही. शाळेत पोरीला कुणी बोललं तर, या विचाराने मला चहासुद्धा गेला नाही.

अकरा वाजता मिस केटचा फोटो आला. मधे पिवळा मफिन, भोवती अख्खा वर्ग, आणि सगळ्यात पुढे बत्तिशी दाखवत आमची ईरा! खाली एकच शब्द, "काँग्रॅच्युलेशन्स!"

पुढचा नंबर युसुफचा. त्याच्या इजिप्शियन आईचा लगेच अभिनंदनाचा मेसेज आला, "मब्रूक! नेक्स्ट वीकेंड ही कम्स टु अस. वी हॅव अ ब्राइड, इन्शाल्ला!" सोबत फोटो. पांढरा झगा घातलेला, डोक्यावर जाळीची ओढणी घेतलेला एक कापडी उंट.

संध्याकाळी मी तो आईला दाखवला. तिने चष्मा लावला, फोटो मोठा करून बराच वेळ निरखला.

"उंचीला जरा जास्त आहे," आई म्हणाली. "पण चालेल. मुलीकडची माणसं किती येणार, तेवढं विचारून घे."