ग्रहणातच मावळलेला सूर्य

आम्ही आयर्लंडात ट्रलीला राहतो. लेक तिथल्या इस्पितळात डॉक्टर. यंदा ऑगस्टात स्पेनच्या मायोर्का बेटावरून ऐन सूर्यास्ताला खग्रास ग्रहण दिसणार, म्हणून ती मला आणि माझ्या दहा वर्षांच्या नातीला घेऊन निघाली. मी म्हटलं, येते, पण वेध पाळणार. त्या दिवशी सकाळी सातच्या आत काय ते खाल्लं, आणि ग्रहण सुटल्यावर खायला दशम्यांचा डबा बरोबर घेतला.

समुद्राकाठी काळे चष्मे लावून बसलो. एकदम सगळं अंधारलं, अंगावर काटा आला. खरं सांगते, हात जोडायचे राहूनच गेले. मग सूर्याची एक कोर बाहेर आली आणि तशीच, अर्धवट खाल्लेली, पाण्यात बुडाली.

"झालं आई, सुटलं ग्रहण. चल जेवायला," लेक म्हणाली.

"सुटलं कुठे? तसाच बुडाला की. ग्रस्तास्त आहे हे. आता उद्या अख्खा सूर्य दिसल्यावरच खायचं."

हे मी फक्त पंचांगात वाचलं होतं, पाळायची वेळ जन्मात आली नव्हती.

"उद्या उजाडायच्या आत विमान आहे," लेक म्हणाली. "आणि ट्रलीला आठवडाभर ढग. आठवडा उपाशी बसणार?"

तेवढ्यात नात तिच्या त्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, "आजी नाही, तर मी पण नाही."

आता आली का पंचाईत. मी तिला समजावलं, लहान मुलांना, आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना माफ असतं गं.

"मग तू म्हातारी नाहीस?"

विमानतळावर मी चाकाची खुर्ची नाकारली होती, ती काय उगाच? दूध म्हणजे काही जेवण नव्हे, एवढं तिला पटवलं. पोरगी नुसतं पेलाभर दूध पिऊन झोपली, आणि मला भुकेपेक्षा त्याचाच त्रास जास्त.

सकाळी विमानात आमची जागा डावीकडे, सूर्य उजवीकडे. तिकडच्या खिडकीशी एक आयरिश गृहस्थ झडप ओढून पेंगत होते. नात सरळ जाऊन त्यांना उठवून सगळं सांगून आली. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"आयर्लंडात राहून सूर्य दिसल्यावरच जेवतात? तरीच इतक्या बारीक."

पण उठले हो बिचारे, मला खिडकी दिली. खाली नुसते ढग, आणि वर हा एवढा अख्खा, गरगरीत सूर्य.

"आता सुटलं?" नातीने विचारलं.

शास्त्राप्रमाणे आधी आंघोळ हवी. पण तिचा हात केव्हाच डब्यात गेला होता. शास्त्राला म्हटलं, बाबा, तू जरा थांब. एक दशमी त्या गृहस्थांना दिली, आणि दुसरी मी मोडली.