ट्यूबची गुणगुण

दुपारचं जेवण उरकून केतकी हेडफोन कानावर ठेवूनच आडवी होते. संध्याकाळी अल्बम बाहेर जायचाय. ‘उभं-आडवं’, केतकी आणि रणधीर या जोडीचा पहिला, आणि आता शेवटचाही. रणधीर गेला मोटरसायकलवरून पडून, सगळं अर्धवट टाकून. अखेरचा हात तिनं एकटीनं फिरवलाय. चौथा तुकडा सुरू होतो, यंत्रमागांचा खडखडाट येतो, डोळे मिटतात आणि खडखडाट बंद पडतो.

"काढ ते कानातलं."

पलंगाच्या कडेला रणधीर बसलाय. मागे एकदा रुसून गेला होता, तेव्हाचाच शर्ट.

"तू मेलायस," केतकी म्हणते.

"मेलो म्हणून मी घातलेलं पुसायचं व्हय गं?"

ती पाणी प्यायला उठते. स्वयंपाकघरात ओटा नाही, इचलकरंजीची शेड आहे, रणधीरच्या वडिलांची. ओळीनं माग चालू आहेत, धोटे आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतायत, पण आवाज म्हणून नाही.

"आपलं काय ठरलं होतं?" तो मागोमाग आलाच आहे.

ठरलं होतं ते तिला पाठ आहे. एकानं घातलेला आवाज दुसऱ्यानं पुसायचा नाही. पटला नाही तर त्याच्यावर आपला चढवायचा. अख्खा अल्बम असाच भांडत भांडत उभा राहिला होता.

"खराबी होती ती," ती फणकारते. "चौथ्या तुकड्यात मागं नुसती लाईटची गुणगुण. कुणीही काढून टाकली असती."

"खराबी!" रणधीर हसतो. त्याचं हे हसणं तिला जिवंतपणीही सहन व्हायचं नाही. तो भिंतीवरचा खटका खाली ओढतो आणि माग नाहीसे होतात. जमिनीवर नुसते तेलाचे चौकोन उरतात. वर एक जुनी ट्यूब लुकलुकते. गुणगुणते.

"बाबांनी माग भंगारात घातले, त्या दिवशी माईक लावला मी. ट्रक गेल्यावर एवढंच वाजत हुतं हितं."

केतकी वर ट्यूबकडे बघते. पण उफाळून येतो तो रागच.

"मग सांगायचंस की! तोंड शिवलं होतं तुझं?"

"ऐकलं असतंस?"

"मेल्यावर बरा आलास हिशेब मागायला! अर्धवट टाकून गेलास तू. मी एकटीनं ओढलं हे सगळं. नावसुद्धा तुझंच आधी घातलंय."

"नाव हाय," तो म्हणतो. "मी कुठं हाय त्यात?"

तो खाली वाकतो, कोपऱ्यातला कापसाचा भुसका मूठभर उचलतो आणि तिच्या तोंडावर फेकतो. केतकी दोन्ही हातांनी त्याला ढकलते.

"जा! परत मर!"

स्वतःच्याच ओरडण्यानं तिला जाग येते. पुण्याची खोली, खिडकीत ऊन. हेडफोन उशीवर पडलाय. त्याच्या डाव्या गादीला पांढरा, तेलकट भुसका चिकटलाय. या घरात कापूस म्हणून नाही, साधी वातसुद्धा नाही.

ती तो झटकत नाही. रणधीरला माफ वगैरेही करत नाही. संगणक उघडते, जुनी फाईल शोधते आणि चौथ्या तुकड्यात गुणगुण होती तिथं, होती तेवढी परत घालते. भुसक्यासकट हेडफोन कानावर चढवून शेवटपर्यंत ऐकते.

मग माईक जवळ ओढते आणि ठरल्याप्रमाणे त्याच्यावर आपला आवाज चढवते.

"जा. परत मर."