आईच्या गुडघ्यांसाठी बुटकी केलेली गाडी

एसयूव्हीत चढताना आईचे गुडघे दुखतात, म्हणून गाडी बुटकी करतो, असं मी घरी सांगितलं. खरं तर मला रुबाब हवा होता.

नसरापूरचा मेकॅनिक म्हणाला, "लोअरिंग स्प्रिंग स्वस्त, पण गाडी कायमची खाली. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग-शॉकअपचा जोड, त्यानं गाडीची उंची कमी-जास्त करता येते."

रोज नोकरीला वेल्ह्याच्या खडबडीत रस्त्यानं जायचं, म्हणून मी कॉइलओव्हर घेतले आणि गाडी पार खाली बसवली.

रविवारी आईसोबत निघालो. गतिरोधकावर गाडीचं पोट घासायचं, म्हणून वजन कमी करायला मी तिला उतरवायचो. चौथ्यांदा उतरल्यावर ती म्हणाली, "माज्या गुडग्यांसाटीच केलंस न्हवं? मग ऱ्हाऊ दे, मी यष्टीनं जाते."

सोमवारी मेकॅनिकनं गाडी होती तेवढी उंच केली. आई आता छोटं स्टूल ठेवून चढते.