लॅपटॉपचे सेल

कुठलीही वस्तू हातात दिली, की अण्णा आधी तिचा वास घ्यायचे. पेन असो, किल्ली असो, नाहीतर माझ्या दुकानातला माउस. नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि मग अंगठ्यानं दाबून बघायचे. उभा जन्म कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाची अडत करण्यात गेलेला. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, समोर आला की आधी वास, मग रंग, मग अंगठा, आणि त्यानंतर बोली. पुढे दुकान पुतण्याकडे सोपवून अण्णा घरी बसले, पण नाक काही निवृत्त झालं नव्हतं.

"वस्तू खोटं बोलंल पावणं, वास बोलत न्हाय," असं म्हणताना त्यांची डावी भुवई वर जायची. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. धंदा सुटलेला असतो, हाताची सवय सुटत नाही.

माझं तेव्हा राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. लॅपटॉप अजून घरोघरी झाला नव्हता, भारनियमन मात्र घरोघरी झालं होतं. एका सकाळी कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले अण्णा काखेत लॅपटॉप घेऊन आत आले.

"ह्याचं सेल बदलायचं हाय."

"बॅटरी म्हणायचंय का तुम्हाला?"

"बॅटरी घरात खुंटीला हाय. अंधारात भाईर पडताना न्हेतो. ह्याचं सेल गेल्यात."

आमच्याकडे बॅटरी म्हणजे विजेरी, आणि तिच्या पोटात घालायचे ते सेल. त्या हिशोबानं अण्णांचं काहीच चुकत नव्हतं. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी बाजारात एका दुकानात लॅपटॉपचे सेल मागितले होते, आणि त्या भल्या माणसानं घड्याळाचे काढून दिले होते. अण्णांनी तेही वास घेऊन परत केले.

बॅटरी पार संपलेली होती. वायर लावली की लॅपटॉप चालायचा, वीज गेली की त्याच क्षणी पडदा काळा. "वायर लावूनच वापरा की," मी म्हणालो. "इतक्या जुन्या मॉडेलची बॅटरी मिळायची मारामार आहे."

"मला चालतंय ओ. अक्काला चालत न्हाय."

ही अक्का कोण, ते विचारत विचारत मी साफ करायला कीबोर्ड उलटा धरला, तर त्यातून चुरमुरे पडले. मी अण्णांकडे बघितलं. "तिलाच घातल्यात," अण्णा शांतपणे म्हणाले, आणि मग बसून सगळं सांगितलं.

अण्णांच्या पत्नीचं, म्हणजे काकूंचं माहेर सीमेपलीकडचं, कर्नाटकातलं. लग्न होऊन इकडे आल्या आणि भांडणसुद्धा मराठीत करण्याइतक्या कोल्हापूरच्या झाल्या. म्हातारपणी विसरायला लागल्या तेव्हा आधी मराठी गेली, मग नातेवाईक गेले. नवऱ्याची ओळखही पुसली. घरात वावरणारा हा कुणीतरी अडतवाला आहे, एवढंच त्या धरून चालत. शिल्लक राहिलं ते माहेरचं कन्नड, जावईपणात अण्णांनाही जमलेलं, आणि थोरली बहीण, अक्का. अक्का तिकडे गावी, प्रवास न झेपणारी, कानानं अधू, त्यामुळे फोनचाही उपयोग नाही. शेवटी जयसिंगपूरला दिलेल्या लेकीनं मावशीच्या गावी जाऊन बहिणीच्या घरी आल्यासारखं तिचं बोलणं कॅमेऱ्यात भरून आणलं आणि लॅपटॉपवर घालून दिलं.

तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की अक्का घरी यायची. यायची असंच अण्णा म्हणत, आणि पुढे मीही म्हणू लागलो. काकू पदर सावरून पडद्यासमोर बसत. बशीत चहा ओतून ठेवत, मधूनच चार चुरमुरे अक्काच्या तोंडाशी नेत. अक्का तिकडून चिंचेच्या झाडाचं, अडलेल्या म्हशीचं, कुणाच्या तरी लग्नातल्या मानपानाचं सांगे. काकू तोंडाला पदर लावून हसत. आणि नेमकी त्याच वेळी वीज जायची.

"आवाज बंद पडला की रडतात?" मी विचारलं.

"मलाबी आधी तसंच वाटलं. तसं न्हाय. लाइट ऱ्हायली तर अक्का शेवटाला उठती आन् 'बर्तेनी' म्हणती. येते म्हणती. मग ही 'हूं' म्हणती आन् गुमान झोपती. लाइट गेली की अक्का न सांगता जाती. मग ही घरभर हुडकत फिरती. म्हणती, माझं काय चुकलं?"

आपल्यातही दारातून निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. आपण ते सवयीनं म्हणतो आणि चपला घालतो. काकूंचं सगळं जग आटून त्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं, आणि वीज कंपनीला त्याचा पत्ता नव्हता.

"एकदा मीच म्हणून बघितलं," अण्णा म्हणाले. "पडद्याच्या मागं बसलो आन् बारीक आवाज काढला. बर्तेनीऽऽ!"

"मग?"

"म्हणली, ह्या अडतवाल्याला कुणीतरी भाईर काढा की!"

अण्णा स्वतःच मोठ्यानं हसले. मीही हसलो, आणि हसताना मला फार वाईट वाटत होतं.

बॅटरी मुंबईहून मागवली. पहिली आली ती चुकीची, खाच जुळेना. अण्णांनी वास घेऊन सांगितलं, "परक्या घरची हाय." दुसरी मागवली. ती येईपर्यंत अण्णा रोज दुकानात येऊन बसायचे. ऐन उन्हाळा होता. रस्ता ओस पडायचा, वीज असली तर पंखा फिरायचा, आणि अण्णा डोळे मिटून गुळाच्या हंगामाबद्दल बोलत राहायचे. शाहूपुरीतली हवाच कशी गोड व्हायची, माश्यासुद्धा कशा सुस्त व्हायच्या. ऐकता ऐकता मला डुलकी लागायची. जाग यायची तेव्हा अण्णा तिथंच असायचे, आणि गोष्ट थोडी पुढे गेलेली असायची. मध्येच एकदा ते त्याच संथ आवाजात म्हणाले, "काल जेवली न्हाय. अक्का येऊंदे म्हणली, तिला इचारते, मग जेवते म्हणली." त्या दिवशी मी मुंबईला फोन लावून नको तितकं भांडलो.

दुसरी बॅटरी आली ती मी स्वतः घेऊन त्यांच्या घरी गेलो. अण्णांनी हुंगली, तळहातावर तोलली. "नव्या चपलंगत वास हाय. चालंल." मग देव्हाऱ्यातलं भस्म आणून तिच्यावर तीन बोटं ओढली. मी ती बसवली आणि वायर लावून ठेवली. ती भरेपर्यंत जेवायची वेळ झाली. मला सोडलं नाहीच.

जेवणं उरकली आणि अक्का आली. पिकल्या केसांची, दाताविना हसणारी म्हातारी. काकू तिच्यासमोर लहान मुलीसारख्या मांडी घालून बसल्या. मला कन्नड कळत नाही, पण त्या दुपारी न कळण्याचं काही वाटलं नाही. अक्का बोलत होती आणि वीज गेली.

पंखा मंद होत होत थांबला. शेजारच्या घरातला रेडिओ गप्प झाला. अण्णांनी माझा हात घट्ट धरला. खिडक्यांना उन्हासाठी पडदे लावलेले, त्यामुळे खोलीत अंधारून आलं, आणि त्या अंधारात अक्काचा चेहरा तेवढा उजळलेला राहिला. तिचं बोलणं चालूच होतं. काकूंच्या गालावर तो उजेड पडला होता. घामानं अंग भिजत होतं, तरी कुणी हललं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बर्तेनी."

"हूं," काकू म्हणाल्या, आणि तिथंच कलंडून झोपी गेल्या.

मी पुष्कळ यंत्रं दुरुस्त केली आहेत. इतका आनंद मला दुसऱ्या कुठल्याही यंत्रानं दिलेला नाही. परत येताना भर उन्हात मी सायकल हातात धरून चालत आलो, कारण मला लवकर पोचायचं नव्हतं.

पुढे अण्णा लेकीकडे जयसिंगपूरला राहायला गेले, आणि नंतर कधीतरी तेही गेल्याचं कानावर आलं. जयसिंगपूरला जाण्याआधी मात्र एकदा दुकानात आले होते. स्टुलावर बसले. मी टेबलावरची कुठलीशी नवी वस्तू त्यांच्या हातात दिली, ती त्यांनी नुसतीच धरून ठेवली.

"काकू?" मी विचारलं.

"गेल्या म्हैन्यात गेली, दुपारचीच. अक्का आलीवती. ती बर्तेनी म्हणली. ह्या खेपंला ही हूं म्हणली न्हाय. माझ्याकडं वळली. अडतवाला म्हणली न्हाय. 'री' म्हणली. तिच्या माहेरात बायका नवऱ्याला म्हणत्यात तसं. अहो. री, बर्तेनी."

"मग तुम्ही?"

"मी म्हटलं, होगि बा," अण्णा म्हणाले. "जाऊन ये म्हटलं. दुसरं काय म्हणणार, पावणं?"