वाळत घातलेली शिडं

उद्या वर्गात मला एका चित्रावर बोलायचं आहे. एकोणिसाव्या शतकातलं, रोमेनियातलं जलरंगातलं चित्र. शांत समुद्र आणि शिडाच्या होड्या. मी लिहून ठेवलं होतं, 'होड्या दूरच्या प्रवासाला निघाल्या आहेत.' बरोबर आहे का, हे विचारणार कुणाला? घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

जाळं शिवता शिवता बाबांनी मोबाइलवर चित्र पाहिलं. "निघाल्यात कुठं गं? वारा कुठाय? भिजलेली शिडं वाळत घातलीत. इंजिन यायच्या आधी आम्हीपण घालायचो."

मी पुन्हा पाहिलं. खरंच, पाण्यावर एक सुरकुती नव्हती. इतक्या लांबच्या किनाऱ्यावरही कुणीतरी काम उरकून निवांत बसलं असेल.

मी माझं वाक्य खोडलं. उद्या बाबांचं सांगेन, बाबांचं म्हणूनच.