सूर जुळवण्याला मिळालेली दाद

आमच्या शेजारचे कानसेन ठार बहिरे झाले, ही बातमी सोमवारी सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा मला तीन जणांनी सांगितली. तिसऱ्याने तर 'दोन्ही कान गेले, डॉक्टरांनी हात टेकले' इथपर्यंत मजल मारली. बातमी खोटी होती. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे आणि त्याच दिवशी भल्या पहाटे तिच्यावर टकटक करून कानसेन ओरडले होते, "अहो, तुमचा नळ गळतोय! आणि बेसूर गळतोय!" नळ गळतोय हे तोवर घरात आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

मग ही आवई उठली कुठून? तर रविवारी संध्याकाळी भरल्या सभागृहात कानसेनांनी जे केलं त्यातून. आणि ते का केलं, हे माझ्याइतकं नीट कुणाला ठाऊक नाही. लोकांच्या घरात डोकावायची मला खोड आहे, ती कधीतरी अशी कामी येते.

कानसेन कुलूपवाले आहेत. जिन्याखाली दीड माणूस मावेल एवढं दुकान, भिंतभर किल्ल्या. दिवसभर हातात कानस असते म्हणून त्यांना कानसेन म्हणतात, असं नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं. खरं कारण त्यांचा कान. अडलेल्या कुलपाला ते कान लावतात आणि आत काय कुठे अडलंय ते ऐकून सांगतात. मालक समोर उभा असल्याशिवाय दुसरी किल्ली कापून देत नाहीत. एकदा मी माझ्याच मेहुण्याच्या ट्रंकेची किल्ली मागितली, तर म्हणाले, "मेहुण्याला घेऊन या. खोटी किल्ली आणि खोटी दाद मी कुणाला दिलेली नाही."

दाद हा त्यांचा दुसरा धंदा, बिनकमाईचा. गावात गाण्याबजावण्याचा कार्यक्रम असला की कानसेन दुसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीत. घरी रेकॉर्ड लावत नाहीत. "रेकॉर्डमधला माणूस कालही तसाच गायला, उद्याही तसाच गाणार," म्हणतात. "समोर बसलेला चुकतो, घाबरतो, सावरतो. ते सावरणं ऐकायला मी तिकीट काढतो." दोन तासांत फार तर तीनदा त्यांच्या तोंडून 'अहा' निघतो. पण निघाला की स्टेजवरचा माणूस वळून बघतो आणि मागचं अख्खं सभागृह टाळ्या वाजवायला मोकळं होतं.

हे गुपित आणखी एका माणसाने हेरलं होतं. मदत समितीचे अध्यक्ष. फर्निचरचं मोठं दुकान आहे त्यांचं, म्हणून मी त्यांना सोफासम्राट म्हणतो, अर्थात पाठीमागे. गरजूंसाठी ते दरवर्षी एक जलसा करतात आणि स्वतःच्या दुकानातला सोफा स्टेजसमोर तिरका लावून त्यावर बसतात, म्हणजे फोटोत स्टेजही येतं आणि चेहराही. संगीतातलं त्यांना कळतं ते इतकंच, की संपलं की उभं राहायचं. पण अडाणी दिसायला कुणाला आवडतं? तेव्हा त्या तिरक्या सोफ्यावरून ते एक डोळा कानसेनांवर ठेवायचे. कानसेनांचा हात हलला की यांच्या टाळ्या पहिल्या. कानसेनांना हे कळत होतं, आणि ते मिशीत हसून सोडून देत होते.

गेल्या वर्षीपर्यंत.

कानसेनांची थोरली बहीण त्यांच्याकडेच असते. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. भावाला गाणं ऐकायला तिनेच शिकवलं, बोटाला धरून कार्यक्रमांना नेलं. पुढे तिलाच ऐकू येईनासं झालं. गेल्या वर्षी जलसा होता श्रवणयंत्रांच्या मदतीसाठी. भावाला ओझं नको म्हणून ताईने त्याला न सांगता समितीकडे अर्ज केला. स्टेजवर तिचं नाव पुकारलं तेव्हा कानसेन खुर्चीत ताठ झाले, हे मी शेजारून पाहिलं.

अध्यक्षांनी यंत्र तिच्या कानाला लावलं आणि माइक तिच्या तोंडाशी धरला. "काय आजी, ऐकू येतंय का?"

ताई लाजून म्हणाली, "येतंय."

"मोठ्याने! सगळ्यांना ऐकू येऊ दे की! ऐकू येतंय का?"

सभागृह हसलं. फोटोवाला म्हणाला, "साहेब, फ्लॅश नाही पडला, परत." यंत्र काढलं, परत लावलं, परत तोच प्रश्न. या खेपेला सगळ्यांत मोठ्याने अध्यक्षच हसले.

घरी आल्यावर ताईने ते यंत्र डबीत घातलं, डबी कपाटात ठेवली आणि कपाट लावून घेतलं. कार्यक्रमांना जाणं बंद. "फुकटची हौस पुरे झाली," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कानसेन फर्निचरच्या दुकानात गेले. मीही गेलो, खुर्च्या बघायच्या निमित्ताने. कानसेन म्हणाले, "ताईची माफी मागा. चार लोकांत नको. घरी या, दार वाजवा, एक शब्द बोला, झालं."

अध्यक्ष हसले. "अहो, गंमत हो ती! आणि घ्यायला लाज नाही वाटली, मग हसल्याची कसली?"

कानसेन तसेच वळले आणि दुकानाबाहेर पडले. घरी येताना जिन्यात मला म्हणाले, "याला मी सोडणार नाही."

"काय करणार? दुकानाचं कुलूप उघडून देणार चोरांना?"

"छे! धंद्याशी बेइमानी नाही. आणि दादही खोटी देणार नाही. पण याला असा हसवीन, की हसू याच्याच घशात अडकेल."

वर्षभर हा माणूस डूख धरून बसला. भिंतीपलीकडून मला कानशीचा आवाज यायचा, खर्र खर्र, रविवारीसुद्धा, तेव्हा अंगावर काटा यायचा. यंदाच्या जलशाला व्हायोलिन वाजवणाऱ्या एक नामवंत बाई येणार असं कळलं, आणि कानसेन वर्षात पहिल्यांदा गालात हसले. "या बाईंचं वाद्य जुळवणं ऐकण्यासारखं असतं," म्हणाले. मला तेव्हा काही उमगलं नाही.

रविवारी बाई स्टेजवर आल्या, बसल्या, व्हायोलिन खांद्याला लावलं आणि तारा जुळवायला लागल्या. एक खुंटी पिळली, सूर हळूहळू वर सरकला आणि नेमक्या जागी जाऊन बसला. कानसेनांनी डोळे मिटले. मान डोलली. "अहाहा!" आणि दोन्ही हात वर गेले.

सोफ्यावरून अध्यक्ष ताडकन उठले. "वाहवा! क्या बात है!" टाळ्यांचा कडकडाट. मागे समितीची मंडळी उठली. अध्यक्षांना आणखी जोर चढला. "वन्स मोअर!" त्यांनी ठोकून दिलं.

बाईंनी गज खाली घेतला आणि माइककडे वाकून शांतपणे म्हणाल्या, "साहेब, अजून जुळवतेच आहे. वाजवायला लागले की सांगते."

सभागृह जे फुटलं! पाच मिनिटं कुणाला आवरेना. अध्यक्ष बसायला गेले ते सोफ्याच्या हातावर. फोटोवाला तिथेच होता, आणि या वेळी फ्लॅश बरोब्बर पडला.

त्यानंतर अध्यक्षांचे हात मांडीवरून उठले नाहीत. कानसेन मध्यंतरात बाईंची क्षमा मागायला आत गेले, तर त्या म्हणाल्या, "क्षमा कसली? जुळवण्याला दाद मिळायला जन्म जावा लागला." म्हणजे दाद खरी होती, हे बाईंनीच सांगितलं. पण ज्याला हे कळलं नाही त्याला वाटलं, कुलूपवाल्याला काही ऐकूच येत नाही. तिथून ती बहिरेपणाची बातमी निघाली.

सोमवारी दूध ओट्यावर टेकवलं आणि मी धावलो ताईकडे. सोफासम्राटाचा पाडाव सांगायला मला चेव आला होता. पण ताईला अर्धं कळेना. "काय? गजाने मारलं?" मी ओरडतोय, हातवारे करतोय. शेवटी ताई वैतागून उठली. तिने कपाट उघडलं, डबी काढली, यंत्र कानात बसवलं आणि समोर येऊन बसली. "हं. आता पहिल्यापासून सांग. हळू सांग, घाई करू नकोस."

मी पहिल्यापासून सांगितलं. 'वन्स मोअर' तिने दोनदा सांगायला लावलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मग म्हणाली, "बिचारा," आणि परत हसली.

तेवढ्यात खालून आवाज आला. मी जिना उतरलो तर दुकानासमोर अध्यक्ष उभे, चेहरा लालबुंद. कानसेन कानस चालवत होते.

"मुद्दाम केलंत तुम्ही! सगळ्या गावात हसं केलंत माझं! तुमच्या बहिणीला यंत्र दिलं, त्याची ही परतफेड?"

कानसेनांनी कानस खाली ठेवली, किल्लीवर फुंकर मारली आणि म्हणाले, "यंत्र ठेवून घेतलंय, साहेब. हसं तेवढं तुमचं तुम्हाला परत केलं."