चार नळ्यांचं रॉकेट

सोमवारी सकाळी चिकलठाण्याला निघालेली सिटी बस पोलिसांनी मुकुंदवाडीला थांबवली आणि माझ्या शेजारच्या माणसाला खाली उतरवलं.

वर्षभर आम्ही एकाच बाकावर बसत होतो. कानात इयरफोन घालून तो मोबाइलवर लढाईचा गेम खेळायचा. त्याच्या जोडीला सिल्लोडहून त्याच्या बहिणीचे यजमान खेळत. त्याचं लाडकं हत्यार म्हणजे खांद्यावरचा चार नळ्यांचा रॉकेट लाँचर. तीन रॉकेटं सोडून चौथं तो राखून ठेवायचा. "भरवसा नाय, काका," मला म्हणायचा. गेममधल्या जागांना त्या दोघांनी आपल्याच शहरातली नावं दिली होती.

त्या दिवशी तो ओरडला, "दाजी, क्रांती चौकात चारी रॉकेटं टाका! एकबी जित्ता नाय राह्यला पायजे!"

पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागे वळून पाहिलं आणि दबक्या आवाजात पोलिसांना फोन लावला.

खाली हवालदारानं विचारलं, "रॉकेट कुठंय?"

"मोबाइलमधी हाय, साहेब. खेळातलं हाय." त्यानं माझ्या खिडकीकडे बोट केलं. "ह्या काकांना इचारा. रोज शेजारी असत्यात."

"ओळखता?" हवालदारानं मला विचारलं.

"नाव माहीत नाही," एवढंच मी बोललो. बस त्याच्याशिवाय निघाली.

गुरुवारी तो पुन्हा बसमध्ये चढला. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तो मागच्या दारापाशी उभा राहिला आणि चिकलठाण्यापर्यंत उभाच होता.